तुळशीत भांग : उमलत्या मेंदूचा हिशेब

‘तुळशीत भांग उगवली’ असे आपण सहज म्हणून जातो. चांगल्या घरातला मुलगा वाया गेला की शेजारीपाजारी हा वाक्प्रचार काढतात, आणि त्यात एक निकालही देऊन टाकतात. दोष रोपाचा आहे, वृंदावन चांगलेच होते, असा तो निकाल असतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले. या काळात हा निकाल मी कितीतरी मुलांच्या बाबतीत ऐकला. पहिली काही वर्षे तो दारूवरून दिला जाई, मग खर्ऱ्यावरून, आणि शेवटच्या सात-आठ वर्षांत गांजावरून.

याच वर्षांत मुलांकडून उलटा युक्तिवादही कानांवर येऊ लागला. मज्जासंस्थेचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, “मॅडम, गांजा तं झाडपाला आहे न? दारूसारखा थोडीच आहे? महादेवाचा प्रसाद आहे तो.” वर्ग हसायचा. मला मात्र त्या प्रश्नात हसण्यासारखे काही वाटत नसे. एकीकडे घरचे म्हणतात, एकदा ओढला की मुलगा संपला. दुसरीकडे मुले म्हणतात, याने काहीच होत नाही. दोघांच्याही हातात पुरावा नसतो. पुरावा आहे तरी काय, तो कोणी गोळा केला आणि त्यावर किती भरवसा ठेवता येतो, हे शोधण्यासाठी निवृत्तीनंतर मी जे वाचले, त्याचा हा गोषवारा आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक निवाडा

आपल्याकडे या वनस्पतीची ओळख जुनी आहे. अथर्ववेदात संकटातून सोडवणाऱ्या पाच वनस्पतींत ‘भंग’ येते. आयुर्वेदाच्या मध्ययुगीन ग्रंथांत तिला ‘विजया’ म्हटले आहे. एकाच झाडाचे तीन पदार्थ होतात. पाने वाटून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेपासून चरस. नशा आणणारे द्रव्य फुलोऱ्यात आणि राळेत सर्वांत जास्त असते. म्हणूनच गांजा पिकवणारे शेतकरी पूर्वीपासून नर झाडे वेळीच उपटून टाकत. मादी फुलांत बी धरले नाही की राळ अधिक सुटते, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय कळलेले होते.

इंग्रजी अमलात वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता. या प्रांतातली गांजाची शेती सरकारने निमाड जिल्ह्यातल्या खांडव्याच्या भागापुरती बांधून घातली होती आणि विक्री परवानाधारक दुकानांतून होई. गांजामुळे लोक वेडे होतात, हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे त्यांनीच भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली. तेव्हा १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. आयोगाने देशभरातल्या अकराशेहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला.

त्या अहवालातला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांचा आहे. नागपूरला असे इस्पितळ १८६० च्या दशकातच सुरू झाले होते. रोगी दाखल होताना ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना भरावा लागे. रोगी बहुधा पोलिसांनी आणलेला असे, सोबत नातेवाईक नसत आणि कारण कोणाला ठाऊक नसे. मग तो गांजा ओढतो एवढे समजले की रकान्यात ‘गांजा’ लिहून कारकून मोकळा होई. आयोगाने १८९२ सालची अशी २२२ प्रकरणे मुळापासून तपासली. गांजाशी वाजवी संबंध जोडता येईल अशी त्यातली फक्त ९८ उरली. निम्म्याहून अधिक नोंदी गळाल्या.

माफक सेवनाने सहसा मोठी हानी दिसत नाही, अतिसेवन मात्र घातक, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि सरसकट बंदीला विरोध केला. आज गांजाच्या बाजूने बोलणारे या अहवालाचा दाखला देतात, आणि त्यात खोटे काही नाही. पण आयोगापुढे प्रश्न होता प्रौढांचा : मजूर, बैरागी, सैनिक, लग्न होऊन संसाराला लागलेले पुरुष. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूत काय घडते, हा प्रश्न त्या निष्कर्षाच्या केंद्रस्थानी नव्हता आणि असूही शकत नव्हता. आयोगासाठी कलकत्त्यात एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देण्यात आला आणि मग त्याचा मेंदू कापून पाहिला. त्यात काही विकृती दिसली नाही. त्या काळच्या साधनांना जे दिसू शकत होते, त्यात ती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आनंदाचा रेणू

पुढची मोठी पायरी १९६४ ची. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातले नशा आणणारे मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले आणि त्याची रचना मांडली. त्याचे लांबलचक नाव सोडून सगळे जग त्याला टीएचसी म्हणते. हे द्रव्य मेंदूत कशाला चिकटते, हे कळायला १९८८ साल उजाडावे लागले. अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांना मेंदूतल्या पेशींवर त्यासाठीचा ग्राहक सापडला. तोच पुढे सीबी-वन या नावाने ओळखला गेला.

इथे एक साधा प्रश्न पडतो. निसर्गाने माणसाच्या मेंदूत कुलूप बसवले ते गांजाच्या किल्लीसाठी नक्कीच नसणार. मग त्याची खरी किल्ली कोणती? ती १९९२ मध्ये सापडली. आपला मेंदू स्वतःच टीएचसीसारखे काम करणारे एक द्रव्य तयार करतो. डेव्हेन आणि मेशुलम यांच्या गटाने त्याला नाव दिले ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून. वर्गात हे सांगितले की मागचे बाकसुद्धा शांत व्हायचे.

हे आनंदामाइड काम करते ते उलट्या दिशेने. एरवी एक चेतापेशी दुसरीला संदेश देते. आनंदामाइड आणि त्याचे एक भावंड द्रव्य मात्र संदेश घेणाऱ्या पेशीकडून देणारीकडे जाते आणि सांगते, ‘पुरे, जरा हळू.’ भूक, झोप, भीती, स्मरण या सगळ्यांत हा लगाम लागतो. आनंदामाइड गरजेच्या जागी, गरजेपुरते तयार होते आणि काही मिनिटांत मोडले जाते. टीएचसीचे तसे नाही. ते रक्तावाटे सगळ्या मेंदूभर पसरते, लगेच मोडत नाही आणि चरबीत विरघळत असल्याने नियमित ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. ज्या लगामाने एकेक घोडा सांभाळायचा, तो सगळ्या तबेल्याला एकदम आणि तासन्‌तास ओढून धरावा, तसे काहीसे होते.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळ्या उदाहरणाने लवकर पटते. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे वनस्पतीच्याच वाढीच्या संप्रेरकाची माणसाने केलेली नक्कल. नक्कल असल्यामुळेच झाड तिला आत घेते, आणि ती सहज मोडत नाही म्हणून वाढीची घडी विस्कटते. शेजारच्या धुऱ्यावर फवारलेले टू-फोर-डी वाऱ्याने पऱ्हाटीवर आले तर पाने भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. हे कापूस पिकवणाऱ्याने पाहिलेले असते. झाड मरेलच असे नाही, पण कोवळ्या पऱ्हाटीला बसलेला फटका आणि बोंडे धरलेल्या पऱ्हाटीला बसलेला फटका सारखा नसतो. औषध तेच, वारा तोच, फरक पिकाच्या वयाचा.

विरळणीचे दिवस

मेंदूच्या बाबतीतही सगळा प्रश्न वयाशी येऊन थांबतो. मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या मेंदूचा आकार जवळपास प्रौढाएवढा होतो. त्यामुळे मेंदूची वाढ लहानपणीच संपते असा समज फार काळ होता. १९७९ मध्ये पीटर हटनलॉकर यांनी वेगवेगळ्या वयांत मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतले चेतापेशींचे जोड मोजले. लहान मुलात ते प्रौढापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि किशोरवयापर्यंत घटतात, असे त्यांना आढळले. पुढे जिवंत मुलांचे एमआरआय वर्षानुवर्षे काढता येऊ लागले. १९९९ मध्ये जे गिड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की किशोरवयात मेंदूचा बाह्यथर आधी जाड होतो आणि मग पातळ होत जातो.

बियाणे स्वस्त होते तेव्हा आमच्याकडे कापूस दाट पेरत आणि रोपे वर आली की विरळणी करत. जोमदार रोप ठेवायचे, बाकीची उपटायची. विरळणी हा पिकाचा नाश नसतो, तो पिकाचाच भाग असतो, पण तो योग्य दिवसांत आणि योग्य हाताने व्हावा लागतो. किशोरवयात मेंदूत हेच चालते. वापरात असलेले जोड पक्के होतात, बिनवापराचे काढले जातात आणि लांब पल्ल्याच्या तंतूंवर मेदाचे वेष्टण चढून संदेश वेगाने जाऊ लागतात. हे काम मागून पुढे सरकते. दृष्टी, हालचाल यांचे भाग आधी पक्के होतात. कपाळामागचा भाग, म्हणजे थांबणे, तोलणे, पुढचा विचार करणे ज्याच्यावर अवलंबून असते तो, सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास. आनंद आणि थरार शोधणारे खोलवरचे भाग मात्र तारुण्याच्या उंबरठ्यावरच जोरात असतात. गाडीचे इंजिन आधी बसते आणि ब्रेक काही वर्षांनी, असे मी वर्गात म्हणत असे.

ही विरळणी कोणत्या जोडांवर, कधी आणि किती व्हावी, हे ठरवण्यात आनंदामाइड आणि सीबी-वनच्या यंत्रणेचा वाटा असतो. म्हणजे गांजातले द्रव्य ज्या यंत्रणेला हात घालते, ती या वयात नुसती मनःस्थिती सांभाळत नसते. ती बांधकामावर देखरेख करत असते. प्रौढाने ओढलेला गांजा बांधून झालेल्या घरात गोंधळ घालतो. किशोराने ओढलेला गांजा घर बांधले जात असताना गवंड्याच्या कामात ढवळाढवळ करतो.

ही नुसती उपमा नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या यास्मिन हर्ड यांच्या प्रयोगशाळेने किशोरवयातल्या उंदरांना टीएचसी दिले. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींच्या फांद्यांची छाटणी वेळेआधी झाल्याचे त्यांना दिसले. माणसांत असे पेशी कापून पाहता येत नाही. पण २०२१ मध्ये युरोपातल्या ‘इमॅजेन’ प्रकल्पाने ७९९ मुलांचे चौदाव्या आणि एकोणिसाव्या वर्षीचे एमआरआय ताडून पाहिले. चौदाव्या वर्षी यातल्या कोणी गांजा ओढलेला नव्हता. पुढच्या पाच वर्षांत ज्यांनी जास्त ओढला, त्यांच्या मेंदूचा पुढचा थर जास्त पातळ झाला. आणि पातळ झालेल्या जागा सीबी-वन ग्राहक दाट असलेल्या जागांशी मिळत्याजुळत्या होत्या.

बुद्धी किती घटते?

आता सर्वांत गाजलेला पुरावा. न्यूझीलंडच्या डनीडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या जन्मापासून चालू आहे. २०१२ मध्ये मॅडलिन मायर आणि सहकाऱ्यांनी या मुलांचा तेराव्या वर्षापर्यंतचा आणि अडतिसाव्या वर्षीचा बुद्ध्यंक ताडून पाहिला. ज्यांनी किशोरवयातच गांजा सुरू केला आणि ज्यांचे व्यसन वर्षानुवर्षे टिकले, त्यांचा बुद्ध्यंक सरासरी आठ गुणांनी घटला होता. नंतर सोडूनही तो पूर्ण भरून आला नव्हता. प्रौढपणी सुरू करणाऱ्यांत अशी घट दिसली नाही.

हा आकडा जगभर फिरला. पण विज्ञानात आकडा आला की त्याच्यामागे शंकाही येते आणि ती तितकीच मोलाची असते. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या ओले रोगेबर्ग यांनी विचारले, ही घट गांजाची की गरिबीची? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांच्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. एक जुळा गांजा ओढणारा आणि दुसरा न ओढणारा, अशा जोड्यांत बुद्ध्यंकाच्या घसरणीत ठळक फरक नव्हता. एकच घर, एकच आई-बाप, सारखी शाळा. म्हणजे जी घट आपण गांजाच्या खात्यात मांडतो, तिच्यातला बराच भाग घरच्या परिस्थितीच्या खात्यातला असू शकतो. १८९२ च्या त्या कारकुनाच्या रकान्याची इथे आठवण होते. सोपे कारण हाताशी असले की खरे कारण शोधायचे राहून जाते.

मग २०१८ मध्ये ६९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात किशोर आणि तरुण सेवनकर्त्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता, नियोजन यांत घट दिसली, पण ती सरासरीने लहान होती. तीन दिवसांहून अधिक काळ गांजा बंद ठेवलेल्यांत तर ती आणखी कमी होती. त्याच वर्षी सोळा ते पंचवीस वयाच्या नियमित ओढणाऱ्यांना महिनाभर गांजा सोडायला लावून एक अभ्यास झाला. नवे शब्द लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सुधारणेचा मोठा भाग पहिल्या आठवड्यातच दिसला. आपल्याकडेही चंदीगडच्या पीजीआयने भांग आणि चरस घेणाऱ्या प्रौढांची सुमारे दहा वर्षांच्या अंतराने फेरतपासणी करून १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले होते. स्मरण आणि प्रतिसादाचा वेग यांत घसरण होती, पण तपासलेले लोक थोडे होते.

या सगळ्याची बेरीज मी अशी करते. गंमत म्हणून दोनदा ओढलेल्या मुलाची बुद्धी कायमची गेली, असे म्हणायला आधार नाही. रोज ओढणाऱ्या मुलाचे काही बिघडत नाही, असे म्हणायलाही नाही. आणि दहावी-बारावीच्या वर्षांत स्मरण व एकाग्रता ‘थोडी’ घटणे ही थोडी गोष्ट नसते. मेंदू वर्षभराने सावरेलही. पण त्या वर्षात हुकलेली परीक्षा, सुटलेली शाळा, तुटलेली मैत्री त्याच्यासोबत सावरत नाही.

मन दुभंगते तेव्हा

बुद्ध्यंकापेक्षा अधिक भक्कम आणि अधिक चिंतेचा पुरावा मनोविकाराबाबत आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले. इतर घटक जमेस धरल्यावर हा पट बराच कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. डनीडिनच्याच मुलांत, पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासदृश विकार होता. इतरांत हे प्रमाण ३ टक्के होते. युरोपातली शहरे आणि ब्राझील मिळून झालेल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात रोज गांजा घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका सुमारे तिप्पट दिसला. रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांत तो जवळजवळ पाचपट होता.

‘पट’ हा शब्द फसवा असतो. स्किझोफ्रेनिया मुळात शंभरात जेमतेम एकाला होणारा आजार आहे. त्यामुळे गांजा ओढणाऱ्या बहुसंख्य मुलांना तो होत नाही. शिवाय घरात हा आजार असलेल्यांना गांजाकडे ओढ जास्त असू शकते. आजाराच्या पहिल्या अस्वस्थतेवर उतारा म्हणूनही काही मुले तो जवळ करतात. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो. तरीही सुरुवात जितकी लवकर, सेवन जितके जास्त आणि माल जितका तीव्र, तितका धोका अधिक, ही चढण निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसते. ज्या घरात आजा, मामा किंवा मोठा भाऊ अशा आजाराने गेला आहे, त्या घरातल्या मुलासाठी हा प्रश्न उपदेशाचा राहत नाही, तो वैद्यकीय असतो. आपल्याकडे घरातला वेडसरपणा लपवला जातो, सोयरीक मोडेल म्हणून. त्यामुळे ज्याला सर्वांत आधी सावध करायला हवे, त्यालाच स्वतःचा धोका माहीत नसतो.

व्यसन लागण्याचेही तसेच. गांजा घेऊन पाहणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला तो सुटत नाही, असा अंदाज आहे. किशोरवयात सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सहात एक होते.

दारूबंदीच्या जिल्ह्यात

गांधीजींची सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या जिल्ह्यात, त्या वर्ध्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. तिचे यशापयश हा वेगळा विषय. पण तिचा एक परिणाम मी पाहिला. नशा म्हणजे दारू, असे समीकरण आमच्या जिल्ह्याच्या मनात इतके घट्ट बसले की बाकीच्या नशा नजरेआड राहिल्या. तंबाखूला तर कोणी नशा म्हणतच नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या किशोरांची पाहणी करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागच्या महिनाभरात तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार घेतलेल्या मुलग्यांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते. पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारा सातवीतला पोरगा आम्हाला खटकत नाही. गांजा सहसा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो, त्यामुळे ज्याला तंबाखूची सवय आहे त्याच्यासाठी पुढचा उंबरठा फार उंच नसतो. शिवाय वर्धा आणि सेवाग्राम ही हावडा-मुंबई व दिल्ली-चेन्नई या मोठ्या लोहमार्गांवरची जंक्शने. गाडीत सापडलेल्या गांजाच्या पोत्यांची बातमी आमच्या वर्तमानपत्रात नवलाची राहिलेली नाही.

देशपातळीवरचा आकडा तुलनेने लहान आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयातल्या २.८ टक्के लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. दारूचे प्रमाण १४.६ टक्के होते. पण १० ते १७ या वयातली सुमारे २० लाख मुले त्या २.८ टक्क्यांत जमा आहेत, आणि आपला विषय त्यांच्याविषयीचा आहे.

कायद्याने काय केले? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत आणले. नुसती पाने व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांग त्यात येत नाही. तिचे नियमन राज्यांच्या कायद्यांनी होते. याच कायद्याच्या ६४-अ कलमात एक खिडकी आहे. व्यसनाधीन माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावरचा खटला टळू शकतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायद्याने मुलाला गिऱ्हाईक न मानता बळी मानले आहे. गावात मात्र उलटे घडते. विकणारा ठेल्यावर उभा असतो आणि ओढणारा पोरगा घरात कोंडला जातो, नाहीतर मार खातो, नाहीतर त्याला एखाद्या बाबाकडे नेले जाते.

जगात गांजाला मोकळीक देणारे देशही वयाच्या प्रश्नावर सावध आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडोने २०१२ मध्ये मुभा दिली ती २१ वर्षांवरच्यांना. कॅनडात २०१८ पासून विक्री कायदेशीर आहे, पण क्वेबेक प्रांताने पुढे वयाची अट २१ वर नेली. जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना परवानगी देताना १८ ते २१ वयाच्यांसाठी टीएचसीची मर्यादा १० टक्के ठेवली. याच झाडातले नशा न आणणारे दुसरे द्रव्य, सीबीडी, लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर २०१८ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध आहे. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले. गांजा चांगला की वाईट, हा वाद त्यामुळे पुढेही चालेल. पंधरा वर्षांच्या मुलाने तो ओढावा की नाही, यावर मात्र त्या वादातल्या दोन्ही बाजूंना फारसे भांडण नाही.

मग करायचे काय?

पुराव्याचा सगळ्यात व्यवहारी अर्थ ‘उशीर’ हा आहे. पंधराऐवजी अठरा, अठराऐवजी एकवीस, पंचवीस. पुढे ढकललेले प्रत्येक वर्ष मेंदूच्या बांधकामाला मिळालेले एक निर्वेध वर्ष असते. ‘आयुष्यात कधीच नाही’ अशी शपथ घालण्यापेक्षा ‘आत्ता नाही’ हे मुलांना पटवणे मला जास्त सोपे गेले, कारण त्यामागचे कारण त्यांना समजत होते. भीती घालून फार काही साधत नाही. एकदा ओढून वेड लागत नाही, हे मुलाने मित्रात पाहिलेले असते. ज्या क्षणी आपण खोटे ठरतो, त्या क्षणी आपले खरे बोलणेही वाया जाते.

दुसरे, लक्ष कशाकडे द्यायचे ते. झोपेची वेळ उलटी होणे, जुने मित्र सुटणे, खेळ-छंद यांतून मन उडणे हे अनेक कारणांनी होते. त्यावरून आरोप करू नये, विचारपूस करावी. पण मूल अकारण संशय घेऊ लागले, आपल्याविषयी सगळे बोलतात असे म्हणू लागले, नसलेले आवाज ऐकू लागले, तर एक दिवसही थांबू नये. हे थेट मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे आणि लवकर उपचार झाले तर गुण लवकर येतो. आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी आहेत. मोठ्या शहरांनाही हेवा वाटावा एवढी सोय तासाभराच्या अंतरावर आहे. अडते ते लोकलाजेपाशी.

त्या लाजेचे मूळ मला ‘तुळशीत भांग’ या दोन शब्दांत दिसते. या वाक्प्रचारात रोपाची जात जन्मापासून ठरलेली आहे. तुळस ती तुळस, भांग ती भांग. मेंदूविज्ञान जे सांगते ते याच्या नेमके उलट आहे. पंधराव्या वर्षी मेंदूची जात ठरलेली नसते, ती ठरत असते. म्हणूनच त्या वयात गांजा जास्त नुकसान करू शकतो, आणि म्हणूनच त्या वयात सावरण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. जो कोवळेपणा मुलाला धोक्यात घालतो, तोच त्याला परत आणू शकतो, पण त्यासाठी घराचे दार उघडे असावे लागते. आपल्या भाषेत ‘भांगेत तुळस’ असाही एक वाक्प्रचार आहे. तो आपण फार कमी वापरतो.